लाल पेशींसाठी लाल दिवा शोधताना

इंटरफेरन्स मायक्रोस्कोप बांधायचा म्हटलं की सगळे आधी ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) आणि कॅमेऱ्याच्या किमती विचारतात. आमच्या खरेदीच्या कागदावरही दिवा अगदी तळाशी होता आणि त्याच्यापुढे सरांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘लेझर, डिपार्टमेंटमध्ये आहे.’ कामाचा सगळ्यात मोठा भाग पुढे त्या एका ओळीने खाल्ला.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि जोडीला पीएच.डी. करते. विषय थोडक्यात असा: रक्तातल्या लाल पेशी वाळवायच्या नाहीत, रंगवायच्या नाहीत, ओल्या असतानाच एकेक पेशी मोजायची आणि तिच्यात हिमोग्लोबिन किती ते काढायचं. विदर्भात या विषयासाठी कारण शोधत बसावं लागत नाही. सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, हा शब्द इथे घरोघरी माहीत आहे. लग्न जमवताना पत्रिकेआधी सिकलसेलचा रिपोर्ट बघा, असं आरोग्यसेविका सांगत फिरतात. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं, त्याची मुदत २०४७ ची. आमचं काम त्या तपासणीला पर्याय वगैरे नाही. तिथे सॉल्युबिलिटी टेस्ट आहे, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी आहे, आणि ते आपलं काम नीट करतात. आम्हाला बघायचं होतं ते हे की, ऑक्सिजन काढून घेतला की एकाच पेशीच्या आत काय बदलतं आणि किती वेगाने.

साध्या मायक्रोस्कोपखाली ओली लाल पेशी जवळजवळ पारदर्शक दिसते. म्हणून पॅथॉलॉजीत स्मिअर वाळवून त्यावर लिशमन स्टेन टाकतात. त्याने आकार कळतो, आतला माल किती ते नीट कळत नाही. पण पेशीतून गेलेला प्रकाश थोडा मागे पडलेला असतो. हिमोग्लोबिनने भरलेल्या पेशीचा अपवर्तनांक (प्रकाश किती पट हळू जातो ते माप) साधारण १.४०, भोवतीच्या द्रवाचा १.३४ च्या आसपास. पेशी दोन मायक्रॉन जाड धरली तर प्रकाश ०.१२ मायक्रॉनने मागे पडतो, म्हणजे लाल प्रकाशाच्या एका तरंगलांबीच्या जेमतेम पाचव्या भागाने. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. त्याच प्रकाशाचा दुसरा भाग कोऱ्या आरशावरून फिरवून आणला आणि दोघांना एकत्र पाडलं, तर मात्र पट्टे उमटतात, आणि पेशीच्या जागी ते पट्टे वाकतात. वाक मोजली की प्रकाश किती मागे पडला ते कळतं, त्यावरून पेशीतलं सुकं वस्तुमान, म्हणजे पाणी सोडून उरलेल्या मालाचं वजन, काढता येतं. १९५२ साली बॅरर यांनी हे मांडलं होतं. लाल पेशीतलं सुकं वस्तुमान बहुतेक सगळं हिमोग्लोबिनचंच असल्यामुळे हा आकडा थेट सीबीसीच्या रिपोर्टमधल्या एमसीएचशी, म्हणजे दर पेशीतल्या सरासरी हिमोग्लोबिनशी, ताडून पाहता येतो. निरोगी माणसात तो २७ ते ३२ पिकोग्रॅम असतो. आपल्या मोजणीला बाहेरचा इतका सोपा पंच क्वचितच मिळतो.

आमची मांडणी लिनिकच्या धाटणीची आहे: प्रकाश दोन वाटांना विभागणारा एक बीम स्प्लिटर, दोन सारखे २० एक्सचे ऑब्जेक्टिव्ह, एकाखाली नमुना आणि दुसऱ्याखाली रेफरन्स आरसा. पेशी सिलिकॉन वेफरच्या चकचकीत तुकड्यावर बसतात. प्रकाश पेशीतून खाली जातो, सिलिकॉनवर आपटून पुन्हा पेशीतूनच वर येतो. त्यामुळे फरक दुप्पट होतो, आणि तरीही एका तरंगलांबीच्या आत राहतो, म्हणून पुढचं गणित सोपं जातं. ऑप्टिकल टेबल घेण्याची ऐपत नव्हती. कडप्प्याची जाड लादी, तिच्याखाली अर्धवट हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूब, असं ते टेबल वर्कशॉपच्या काकांनी उभं केलं. अजून तेच चालू आहे.

तर पहिला दिवा म्हणजे तो डिपार्टमेंटमधला हीलियम-निऑन लेझर. ६३२.८ नॅनोमीटर, दोनेक मिलिवॅट, आमच्या सरांच्या विद्यार्थिदशेतला. रंग आमच्या सोयीचा होता. हिमोग्लोबिन निळा-जांभळा प्रकाश जबरदस्त शोषतं, ४१५ नॅनोमीटरच्या आसपास तर सर्वांत जास्त. हिरव्यातही बरंच खातं. लाल प्रकाशाला मात्र ते बहुतांशी वाट देतं. आपल्याला प्रकाश किती मागे पडला ते मोजायचंय, किती खाल्ला गेला ते नाही, म्हणून लालच बरा. त्यातून लेझर म्हटल्यावर पट्टे हमखास. आरसा इकडे सरकवा, तिकडे सरकवा, दोन्ही वाटांत काही सेंटीमीटरचा फरक असला तरी पट्टे हटत नाहीत. पहिल्याच दुपारी स्क्रीनवर पट्टे आले तेव्हा सगळ्यांना चहा पाजून झाला.

आणि मग स्लाइड लावली. हीलियम-निऑनची कोहेरन्स लांबी, म्हणजे दोन वाटांत जेवढा फरक पडला तरी पट्टे टिकतात ते अंतर, वीस-तीस सेंटीमीटर असते, आणि तेच नडलं. कव्हरस्लिपची वरची बाजू, खालची बाजू, बीम स्प्लिटरचा मागचा पृष्ठभाग, कॅमेऱ्यापुढची काच, लेन्सवर बसलेला धुळीचा कण, या प्रत्येकावरून परतलेला प्रकाश एकमेकांशी जुळतो आणि आपापले पट्टे पाडतो. लग्नाच्या पंगतीत न बोलावलेले पाहुणेच आधी पानावर बसावेत तशी गत. पेशीच्या पट्ट्यांवर धुळीची गोल गोल वलयं, त्यांवर काचेचे रुंद पट्टे, आणि सगळ्यांवर स्पेकल, म्हणजे लेझरचा ठिपका भिंतीवर पाडला की दिसते ती चमचमती खडी.

गणित करून फेजचा, म्हणजे कुठे प्रकाश किती मागे पडला त्याचा, नकाशा काढला आणि तो प्रिंट घेऊन मी हॉस्पिटलमध्ये गेले. तिथल्या पॅथॉलॉजीच्या मॅडम आमच्याबरोबर काम करतात. एथिक्स कमिटीची परवानगी मिळाल्यावर तपासणीतून उरलेलं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये तेच देतात. त्यांनी चष्मा वर करून प्रिंट डोळ्यांजवळ धरला.

“बेसोफिलिक स्टिपलिंग आहे का हे?”

“नाही मॅडम, तो लेझरचा नॉइज आहे.”

“मग हे मी वाचायचं कसं? पेशंटचं काय आणि तुमच्या मशीनचं काय, कसं ओळखू?”

स्टिपलिंग म्हणजे पेशीत दिसणारे निळसर बारीक ठिपके. शिशाच्या विषबाधेत, थॅलेसेमियात दिसतात. त्यांना आमच्या स्पेकलमध्ये चक्क आजार दिसत होता. रिकाम्या जागेतली चढउतार मोजली तर ती पेशीच्या पडद्याच्या नैसर्गिक थरथरीइतकी, म्हणजे काही दहा नॅनोमीटरची भरत होती. अशा पार्श्वभूमीवर पेशीच्या आत काय बदललं ते सांगणं शक्य नव्हतं.

मग ठरलं, एलईडी. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानातून एक वॅटचा लाल एलईडी, हीटसिंक आणि एलएम-३१७ असा सगळा ऐवज मिळून एका तर्री पोह्याच्या नाश्त्याच्या आसपास गेला. एलएम-३१७ कशाला, तर करंट स्थिर ठेवायला: १.२५ व्होल्ट भागिले रेझिस्टर, ३.६ ओहम लावला की ३५० मिलिअँपिअर. दुकानदार तयार ड्रायव्हर गळ्यात मारत होता, पण त्यातले बरेचसे एलईडीला झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करतात. डोळ्याला ते जाणवत नाही; कॅमेऱ्यात मात्र आडवे काळे पट्टे येतात, आणि आधीच पट्टे मोजणाऱ्या माणसाला आणखी पट्टे नकोत.

एलईडीने खडी गेली. एका झटक्यात. पार्श्वभूमी दुधासारखी सपाट झाली, धुळीची वलयं नाहीशी झाली, कव्हरस्लिपचे पट्टे गेले. त्यांच्याबरोबर आमचे पट्टेही गेले.

कारण सरळ आहे. ६३० नॅनोमीटरचा, वीस नॅनोमीटर रुंदीचा एलईडी घेतला तर त्याची कोहेरन्स लांबी तरंगलांबीचा वर्ग भागिले रुंदी, म्हणजे सुमारे वीस मायक्रॉन. दोन्ही वाटा वीस मायक्रॉनच्या आत सारख्या असतील तरच पट्टे दिसणार. ऑब्जेक्टिव्ह एका जातीचे हवेत हे कळत होतंच, पण नमुन्याच्या बाजूला कव्हरस्लिप आहे म्हटल्यावर आरशावरही कव्हरस्लिप हवी. आणि एकाच डबीतल्या दोन कव्हरस्लिपांच्या जाडीत काही मायक्रॉनचा फरक सहज असतो. पेशी सलाइनमध्ये आहेत, तर आरशावरच्या कव्हरस्लिपखालीही सलाइनचा थेंब हवा. आम्ही पूर्ण डबी एकेक करून मायक्रोमीटर स्क्रूगेजने मोजली आणि जोड्या लावून ठेवल्या.

शून्य फरकाची जागा शोधायला एमएस्सीच्या प्रॅक्टिकलने हात दिला. मायकेल्सन इंटरफेरोमीटरवर सोडियम लॅम्प लावून ज्यांनी बोटं दुखेपर्यंत मायक्रोमीटर फिरवला आहे त्यांना आठवेल: सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांमुळे पट्टे स्पष्ट होतात, पुसट होतात, पुन्हा स्पष्ट होतात, दर ०.२९ मिलिमीटरला एक फेरा. त्यातला सगळ्यात ठसठशीत फेरा शोधायचा, मग एलईडी लावून मायक्रोमीटर अगदी रांगत रांगत न्यायचा. पट्टे येतात आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघूनही जातात. माझ्या ज्युनिअरला यात इतकी गती आली की तो गप्पा मारता मारता पट्टे आणून द्यायचा. मला त्यासाठी श्वास रोखावा लागे.

पट्टे आले तरी अडचण संपली नाही, आणि ही दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. एकाच फोटोतून फेज काढायची तर आरसा किंचित तिरका करून सगळ्या चित्रावर बारीक पट्टे पाडावे लागतात. तकेदा आणि सहकाऱ्यांची १९८२ सालची फूरिये पद्धत तशाच पट्ट्यांवर चालते. आमच्या चित्रात असे दोनशेच्या आसपास पट्टे लागतात. वीस नॅनोमीटर रुंदीचा एलईडी फार तर तीसेक पट्टे देतो. म्हणजे चित्राच्या मधोमध एक अरुंद पट्टी कामाची, दोन्हीकडे कोरं. दहा नॅनोमीटरचा फिल्टर लावून पाहिला. पट्टी दुपटीने रुंदावली आणि उजेड निम्म्याहून खाली आला. आणखी अरुंद फिल्टर लावला तर कॅमेऱ्याला अंधारच दिसणार.

आरसा सरळ ठेवून, पिझोने (व्होल्टेज दिलं की किंचित लांबणाऱ्या तुकड्याने) तो तरंगलांबीच्या आठव्या भागाएवढा पुढे पुढे ढकलत चार फोटो घ्यायचे, हा दुसरा रस्ता. त्याला फेज शिफ्टिंग म्हणतात. निर्जीव नमुन्यावर ते सुरेख चालतं. तरंगत्या पेशीला मात्र चौथ्या फोटोपर्यंत थांबायला सवड नसते. शिवाय नागपूरचा मे महिना. खोलीत कूलर लावला की त्याच्या पंख्याची घरघर कडप्प्यापर्यंत पोचते आणि चार फोटोंत चार जागी पट्टे. कूलर बंद केला की लाल एलईडी तापून मंद होत जातो, वर त्याचा रंग सरकतो, आणि आमच्या डोक्यांचंही तेच. पहाटे, शहर थंड असताना, आम्ही बरीच मोजमापं उरकली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे गावातली पीडा बरोबर घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली आणि डीजेच्या ठेक्यावर पट्टे स्क्रीनवर खरोखर नाचायला लागले, तेव्हा सर हात जोडून म्हणाले, “फ्रिंजचा थरथराट घेऊन जा गे मारबत!” ते संकट संध्याकाळी मिरवणुकीबरोबर गेलं, चार फोटोंचं संकट राहिलं.

इथे काही दिवस काम अडकून पडलं. एका फोटोत काम उरकायचं तर लेझरसारखा एकरंगी प्रकाश हवा. खडी नको असेल तर एलईडीसारखा पसरट स्रोत हवा. सुपरल्युमिनेसंट डायोडचं (लेझर आणि एलईडी यांच्या मधल्या जातीच्या दिव्याचं) कोटेशन मागवून पाहिलं. डोळ्याचा पडदा तपासायच्या ओसीटी यंत्रांत ते दिवे खूप वापरतात. आमची दोन्ही दुखणी त्याने बरी झाली नसती: स्रोत एका बिंदूएवढा आणि रंग रुंद, म्हणजे आम्हाला हवं होतं त्याच्या बरोबर उलट. किंमत बघून निर्णय आणखी सोपा झाला.

उत्तर एका अर्थाने टेबलावरच होतं. सोडियम लॅम्प. तो पसरट आहे, त्याचा प्रत्येक भाग आपापल्या मर्जीने प्रकाश देतो, म्हणून खडी नाही. आणि त्याच्या रेषा इतक्या अरुंद की चित्रभर पट्टे येतात. पिवळा प्रकाश हिमोग्लोबिन थोडा खातं, ते चालवून घेतलं असतं. त्यावर काढलेला एक फोटो माझ्याकडे अजून आहे: चित्रभर पट्टे, खडीचा मागमूस नाही, आणि इतका अंधारा की एक्स्पोजर काही सेकंदांचं. तेवढ्या वेळात पेशी कुठल्या कुठे. (जुन्या दिव्यांना हसू नये. रामन १९१० च्या सुमारास सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ याच शहरात होते. गांधीसागरसमोरच्या विज्ञान केंद्राला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या नावाचा परिणाम १९२८ साली हाती लागला तो सूर्यप्रकाश आणि मर्क्युरी लॅम्पवर, लेझर निघायच्या तीस-बत्तीस वर्षं आधी.)

आम्हाला हवा होता तो भरपूर उजेडाचा सोडियम लॅम्प. आणि तो लेझरपासून बनवता येतो हे १९६४ सालापासून छापलेलं आहे: मार्टिनसेन आणि स्पिलर यांनी लेझरचा किरण फिरत्या घासलेल्या काचेतून पाठवला. काच फिरते तशी खडीची नक्षी बदलते. कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना शंभर वेगवेगळ्या नक्ष्या मिसळल्या तर खडीचा ठळकपणा वर्गमुळाच्या हिशोबाने दहावा भाग उरतो. रंग मात्र लेझरचाच, तेवढाच अरुंद. लाल पेशींवर हे तंत्र वापरून आयआयटी दिल्लीतल्या गटाने बरंच काम प्रसिद्ध केलेलं आहे. आम्ही त्यांचे पेपर समोर ठेवूनच बसलो.

घासलेली काच वर्कशॉपच्या काकांनी बनवली: दोन काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, गोल गोल घासत राहायचं. सुरेख डिफ्यूझर झाला. पण हाताने कापलेली गोल काच मोटरवर कधीच समतोल बसत नाही. ती फिरायला लागली की टेबलासकट सगळं थरथरे. मग ज्युनिअरने डिपार्टमेंटच्या कपाटातून कोऱ्या सीडींचा जुना गठ्ठा शोधला. त्यात सगळ्यात वर एक पारदर्शक तबकडी असते, चकाकीचा थर नसलेली, नुसती पॅकिंगसाठी दिलेली. ती कारखान्यातूनच समतोल आलेली. बारीक पॉलिशपेपरने तिची एक बाजू घासली आणि कॉम्प्युटरच्या १२ व्होल्टच्या पंख्याच्या मधोमध चिकटवली.

तो पंखा आम्ही टेबलावर, लेझरच्या पुढ्यात ठेवला. पट्टे पुसट. काका दारातूनच बघत होते.

“ताई, पंखा टेबलालेच हालवून राहिला ना! त्याले खाली काऊन नाही ठेवत?”

पंखा वेगळ्या लोखंडी स्टुलावर गेला, स्टुलाच्या पायांखाली फोम. स्टूल टेबलाला कुठेच टेकत नाही. प्रकाश मधलं दोन बोटांचं अंतर हवेतून ओलांडतो. पट्टे स्थिर.

आता आकडे. पंखा मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतो. दहा मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, लेझर पडतो त्या जागी, तबकडी साधारण बारा सेंटीमीटर सरकते. लेझरचा ठिपका एक मिलिमीटरचा असेल तर शंभरावर नक्ष्या एका फोटोत मिसळतात. खडी दहा टक्क्यांच्या खाली येते, आणि उरलेलीही बरीचशी गणितात गळते, कारण दोन्ही बाजूंना तीच नक्षी पोचते. एक्स्पोजर एक मिलिसेकंदावर आणलं तर दहा-बाराच नक्ष्या मिसळतात आणि खडी परत डोकं वर काढते. पेशीच्या पडद्याची थरथर टिपायची असेल तर हे जड जातं. ठिपका लहान केला तर नक्ष्या वाढतात, पण मग स्रोत पुन्हा बिंदूकडे झुकतो आणि धुळीची वलयं परत यायला लागतात. मोठा केला तर दोन्ही ऑब्जेक्टिव्हचा फोकस काही मायक्रॉनच्या आत जुळवावा लागतो, नाहीतर पट्टेच विझतात. तेवढ्या काही मायक्रॉनच्या बाहेरचं काहीच पट्ट्यांत भाग घेत नाही, हा त्यातला फायदा: कव्हरस्लिपची वरची बाजू आपोआप वगळली जाते. आमचा ठिपका एक ते दीड मिलिमीटरवर स्थिरावला.

उजेड मात्र कमी पडू लागला, कारण डिफ्यूझर निम्म्याहून जास्त प्रकाश इकडेतिकडे उधळतो आणि दोन मिलिवॅटचा म्हातारा लेझर तेवढा पुरणार नव्हता. इथे मी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन हिशोब केला की आम्हाला कोहेरन्स लागते तरी किती. चित्रभर दोनशे पट्टे, म्हणजे दोनशे तरंगलांब्या, म्हणजे ०.१३ मिलिमीटर. बस्स. हीलियम-निऑन आम्हाला त्याच्या हजारपटीहून जास्त देत होता, आणि त्यातला जास्तीचा सगळा भाग बिनकामाच्या काचांना पट्टे पाडायला मदत करत होता. एवढी माफक गरज बर्डीवर मिळणारं थोडं जास्त शक्तीचं डायोड लेझर मॉड्यूलही भागवतं. त्याचा रंग तापमानाबरोबर जागा बदलतो, मोड उड्या मारतात, होलोग्राफीची माणसं त्याला हात लावणार नाहीत. आमचं त्याने काही अडत नाही. फक्त त्याची खरी तरंगलांबी एमएस्सीच्या स्पेक्ट्रोमीटरवर ग्रेटिंग लावून मोजून घ्यावी लागली, कारण वस्तुमानाच्या सूत्रात तो आकडा थेट जातो आणि डब्यावर छापलेला ६५० हा आकडा नुसता मानाचा असतो. अशा मॉड्यूलसमोर गॉगलशिवाय बसायचं नाही, हा नियम ज्युनिअरला मी रागावूनच लावला.

पहिले वस्तुमानाचे आकडे एमसीएचपेक्षा सातत्याने किंचित कमी आले. त्यामागे पसरट स्रोतच होता. तिरप्या किरणांमुळे इंटरफेरन्समध्ये उंची थोडी कमी मोजली जाते. ऑब्जेक्टिव्हचा एनए (तो किती तिरपे किरण घेतो ते माप) ०.४५ असेल आणि तो पूर्ण भरला असेल तर ही घट साधारण पाच टक्के. दुरुस्ती लावल्यावर निरोगी रक्ताची सरासरी हॉस्पिटलच्या मशीनच्या आकड्याच्या इतक्या जवळ आली की मॅडमनी दुसऱ्या पेशंटची ट्यूब, आकडा न सांगता, तपासायला दिली. तोही जुळला.

मॅडमनी आणखी एक गोष्ट पहिल्याच स्वच्छ चित्रात पकडली. पेशींच्या कडेला काटे होते. “ह्या क्रेनेटेड झाल्यात. नुसत्या सलाइनमध्ये काचेवर टाकल्यात ना? थोडं अल्ब्युमिन घाला.” घातलं, काटे गेले. लेझरच्या खडीत ते काटे आम्हाला कधी दिसलेच नव्हते.

मग आलं मूळ काम. सिकलसेलच्या रक्ताचा थेंब, त्यात ऑक्सिजन काढून घेणारं दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप, कडेने व्हॅसलिन-मेण लावून हवा बंद. पॅथॉलॉजीत ही जुनी टेस्ट आहे. स्लाइड ठेवून देतात आणि थोड्या वेळाने कोयते मोजतात. आम्ही ती स्लाइड आमच्या ऑब्जेक्टिव्हखाली ठेवली आणि ठरावीक अंतराने एकेक फोटो घेत राहिलो. आधी पेशीचा मधला खड्डा तिरका होतो. मग फेजच्या नकाशात एका बाजूला उंचवटा जमायला लागतो, बाहेरचा आकार अजून गोलच असतो. पेशी टोकदार होते ती त्यानंतर. एकूण वस्तुमान या सगळ्यात तेवढंच राहतं. हिमोग्लोबिन आतल्या आत एका बाजूला गोळा होतं. सगळ्याच पेशी असं वागत नाहीत, काही शेवटपर्यंत गोल राहतात, आणि त्या का राहतात यावर सध्या मॅडम आणि सर यांचं एकमत नाही.

मॅडमची पुढची मागणी वेगळीच आहे. त्यांना हे यंत्र आमच्या खोलीत नको, त्यांच्या बाकावर हवंय, आणि ते जुळवायला फिजिक्सचा माणूस लागता कामा नये. तिथे स्टुलावरचा पंखा, दोन बोटांची हवा आणि कव्हरस्लिपांच्या जोड्या चालणार नाहीत. मिरौ ऑब्जेक्टिव्हमध्ये दोन्ही वाटा एकाच नळीत असतात, म्हणून धक्का बसला तरी दोघी बरोबर हलतात, आणि वाटा कारखान्यातच जुळवलेल्या असल्यामुळे एलईडीही चालतो. त्यात नमुन्यावर कव्हरस्लिप ठेवायची तर आतल्या आरशावरही तशीच भरपाईची काच लागते, आणि एका फोटोत फेज काढायचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. एका जुन्या मिरौचं कोटेशन मागवलंय. ज्युनिअर म्हणतो, एलईडी काढून लेझर बसवू, त्याच्यापुढे सीडीच लावू, पंख्याऐवजी मोबाइलची व्हायब्रेटर मोटर घेऊ. सरांनी त्याला बर्डीवर पाठवलंय.